प्रेरणेच्या रकान्यात काय लिहू?

ताई, नमस्कार.

मी इचलकरंजीत राहते, वय २४. बी.कॉम. झालंय आणि एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिते. बाबा वहिफणीचं काम करतात, म्हणजे मागावर चढवायचे धागे वहीच्या तारांतून आणि फणीतून ओढतात. आई कांड्या भरायला जाते, म्हणजे मशीनवर कांड्यांना सूत गुंडाळते. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या. इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाली. पुढे चित्रकलेलाच जायचं होतं, पण घरी परवडणारं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये पुन्हा पेन्सिल हातात घेतली, व्हिडिओ बघून शेडिंग शिकले. आधी नटनट्यांचे, क्रिकेटपटूंचे चेहरे काढले. मग लोक फोटो पाठवून वाढदिवसाला भेट द्यायला चित्रं काढून मागू लागले. ए-थ्री आकाराला दीड हजार घेते.

आता कोल्हापुरात नवोदित चित्रकारांचं एक सामूहिक प्रदर्शन आहे. तीन चित्रं आणि सोबत 'माझा कलाप्रवास आणि प्रेरणा' यावर दोनशे शब्द मागितलेत. तिथेच अडलंय. माझा कसला प्रवास? कॉलेज नाही, गुरू नाही. नेटवर शोधून दोन मोठ्या चित्रकारांची नावं लिहिली होती, पण त्यांची चित्रं मी नीट बघितलेलीच नाहीत, म्हणून खोडली. पेढीवरचा एक जण म्हणतो, फोटो बघून काढणं ही काय कला, मोबाइल एका सेकंदात फोटोचं पेन्सिल स्केच करून देतो. आत्या विचारते, रंग कधी भरणार? आणि मला वाटतं, नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करावं का?

सात चित्रांचे फोटो पाठवतेय. शेवटचं सोडून द्या. बाबांना डबा द्यायला गेले होते तेव्हा बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांचे हात काढले. अर्धवट आहे, कुणाचे आहेत ते ओळखूही येत नाही.

– एक वाचक, इचलकरंजी

*

प्रिय मैत्रिणी,

तुझं सातवं चित्र मी सोडून दिलं नाही. उलट ते पाहिल्यावर बाकीची सहा पुन्हा एकदा बघावीशी वाटली.

आधी त्या सहांविषयी. हात तयार आहे तुझा. चष्मेवाल्या आजोबांच्या चित्रात काचेखालची त्वचा किंचित वेगळ्या छटेत धरली आहेस, आणि ते बेमालूम उतरलंय. केस काढताना तू एकेक केस ओढत बसली नाहीस. आधी गडद-फिक्याचे पट्टे मांडलेस आणि कडेला चारदोन केस सुटे सोडलेस. व्हिडिओवाले हे सांगतात, पण हाताला ते कळायला जो वेळ द्यावा लागतो तो तू दिला आहेस. तरीही सहाही चित्रं शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट जाणवते. सगळ्या चेहऱ्यांवर तोच सपाट उजेड आहे. सगळे समोर बघताहेत, सगळे कॅमेऱ्यासाठी हसताहेत. कुठे थांबायचं, काय गाळायचं, कशावर जोर द्यायचा हे तू पेन्सिल उचलण्याआधीच ठरून गेलं होतं.

सातव्यात ते तुला ठरवावं लागलं. उजव्या हातात हूक, अंगठा सपाट दाबलेला, नखाची कड एका जाड रेषेत. धागे जिथे ताणले गेलेत तिथे तुझी पेन्सिल कागदात रुतली आहे आणि जिथे ते सैल आहेत तिथे नुसती टेकून गेली आहे. डावा हात मनगटापाशीच सोडून दिलास, कारण डबा देऊन परतायची घाई असेल. पण त्यामुळे नजर बरोबर कामावर राहते. हे कुणाचे हात आहेत ते मला ओळखता येत नाही, हे खरं. ते काय करताहेत, ते किती वर्षं करत आले असतील, हे मात्र एका नजरेत कळतं.

तू प्रेरणा शोधते आहेस ती त्या पाठकोऱ्या कागदावर आहे. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. चित्रकलेच्या इतिहासात याला भक्कम आधार आहे, आणि योगायोग असा की तो आधार विणकरांच्याच घरांतून येतो.

विन्सेंट व्हॅन गॉग १८८० साली चित्रकार व्हायचं ठरवतो तेव्हा तो २७ वर्षांचा होता. म्हणजे तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, त्याआधीची सगळी कामं सुटलेली. सुरुवात त्याने नकलेनेच केली. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने विद्यार्थ्यांसाठी नमुनाचित्रांचे तक्ते काढले होते, ते त्याने पुन्हा पुन्हा उतरवले. तेव्हा नकलेची लाज तू बाळगू नकोस. पण तो तिथे थांबला नाही. १८८३ च्या डिसेंबरात तो नेदरलँड्समधल्या न्यूनेन या खेड्यात आईवडिलांकडे राहायला आला. गावात हातमागावरचे विणकर होते. पुढचे कितीतरी महिने त्याने त्या विणकरांना काढलं: पेन्सिलने, शाईने, जलरंगात, तैलरंगात. त्याची एक अडचण तर तुला वाचताक्षणी पटेल. खोल्या इतक्या लहान की माग पूर्ण दिसेल एवढं मागे सरकायलाच जागा नसायची, असं त्याने पत्रात लिहून ठेवलंय. म्हणून त्या चित्रांत माग अंगावर आल्यासारखा भासतो आणि माणूस त्या लाकडी चौकटीत अडकल्यासारखा. जागेची अडचणच चित्राची मांडणी ठरवून गेली. इतकं करूनही तो तिथे बाहेरून आलेला माणूस होता. तुला वही म्हणजे काय, फणी म्हणजे काय, कांडी कधी संपते, बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा तो मोठा रूळ, कुठून येतो हे शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

दुसरं नाव कॅथे कोलवित्झ. जर्मन चित्रकर्ती, जन्म १८६७. नवरा डॉक्टर, दवाखाना बर्लिनच्या कामगारवस्तीत. कामगारांच्या बायका तिथे येत, बोलत बसत, त्यांचे थकलेले खांदे आणि मोठाले हात तिच्या चित्रांत आले. सिलेसिया प्रांतातल्या विणकरांनी १८४४ मध्ये उठाव केला होता. त्यावरचं नाटक तिने १८९३ साली पाहिलं आणि पुढची चार-पाच वर्षं खपून सहा मुद्राचित्रांची, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांची, मालिका केली. १८९८ मध्ये ती बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, सुवर्णपदकासाठी तिची शिफारस झाली, आणि कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, ते पदक नाकारलं. आज त्या कैसरच्या आवडीनिवडीशी कुणाला काही देणंघेणं नाही, पण ते विणकर अजून लोकांना थांबवून धरतात. त्या सहा चित्रांत रंग नाही हेही आत्याला सांग.

ही दोन नावं तुझ्या रकान्यात लिहायला मी देत नाही, हे लक्षात घे. तू न पाहिलेल्या चित्रकारांची नावं लिहिलीस आणि स्वतःच खोडलीस, त्या खोडण्याचं मला फार कौतुक वाटलं. आधी बघ. या दोघांचीही चित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारात मोफत पाहता येतात. मोबाइलवर नको, पेढीवरच्या संगणकाच्या पडद्यावर जेवणाच्या सुट्टीत बघ. बघता बघता हातातल्या कागदावर एखादा हात, एखादी पाठ उतरवून घे. महिन्याभराने त्यातलं जे तुझ्यात शिल्लक राहील तेवढ्यापुरतं नाव लिहायला तू मोकळी.

आणि जवळचं राहून जाऊ नये. कोल्हापूर तुझ्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. टाउन हॉलमधल्या संग्रहालयात जा आणि आबालाल रहिमान यांच्या चित्रांसमोर उभी राहा. हा माणूस मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, पण राहिला कोल्हापुरात. कोटितीर्थाचा तलाव, त्याच्या काठचा उजेड, गावाभोवतीची झाडं हेच त्याने पुन्हा पुन्हा काढलं. आपल्या गावात काढण्यासारखं काय आहे, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. कोल्हापुरातच वाढलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली जे. जे. मध्ये गेले, तिथेच शिकले, तिथेच शिकवलं, आणि 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचं आत्मकथन मराठीत आहे. वाचनालयात मिळालं तर अवश्य वाच. चित्रकाराने स्वतःचा प्रवास किती साधेपणाने सांगावा, याचा तो उत्तम नमुना आहे. मोठमोठे शब्द नाहीत. कोण भेटलं, काय काढलं, काय बक्षीस मिळालं, घरात काय चाललं होतं, एवढंच. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं सतत टिपली, त्यांचे पेहराव, त्यांच्या चालण्याबसण्याच्या तऱ्हा. पुढची कितीतरी चित्रं त्या टिपणांवर उभी आहेत.

आता तुझ्या पेढीवरच्या सहकाऱ्याच्या बोलण्याकडे येते. ते तुला लागलेलं दिसतंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. चित्राची सगळी किंमत फोटोसारखं दिसण्यातच असेल तर यंत्राशी शर्यत लागणार आणि त्या शर्यतीत तू हरणार, एवढं त्याचं बरोबर आहे. पण फोटो वापरणं म्हणजे कला नव्हे, हे चूक आहे. विया सेलमिन्स नावाची चित्रकर्ती आहे, जन्म लाटव्हियातला, कारकीर्द अमेरिकेतली. १९६८ च्या सुमारास तिने समुद्राच्या पाण्याचे स्वतः फोटो काढले आणि त्यावरून पेन्सिलची चित्रं केली. किनारा नाही, क्षितिज नाही, नुसतं पाणी कागदभर, एकेक लाट ग्रॅफाइटने घडवलेली. फोटो होता, पण कशाचा घ्यायचा, कुठे तोडायचा, किती सावकाश काढायचा हे तिचं होतं. फरक तिथे पडतो. तू नटीचा चेहरा काढतेस तेव्हा प्रकाशयोजना दुसऱ्याची, कोन दुसऱ्याचा, क्षणही दुसऱ्याचा.

शिवाय मोबाइलचा फोटो चित्रकाराला काही गोष्टींत चकवतो. जवळून काढला तर नाक मोठं होतं आणि कान मागे जातात. सावलीतला तपशील बऱ्याचदा काळ्यात बुडतो, उजेडातला पांढऱ्यात उडून जातो. त्वचेवरचे बारकावे कॅमेरा आपोआप गुळगुळीत करतो आणि तू इमानेइतबारे तो गुळगुळीतपणा उतरवतेस. समोर बसलेल्या माणसाच्या गालावर खिडकीचा उजेड, भिंतीवरून परतलेला मंद उजेड आणि हनुवटीखालची सावली असं सगळं असतं. ते तुझ्या डोळ्यांना दिसतं. फोटोत ते मिळेलच असं नाही.

एक व्यवहाराची गोष्टही आहे. दुसऱ्याने काढलेल्या फोटोवर सहसा त्या छायाचित्रकाराचा हक्क असतो. घरच्यांनी दिलेल्या फोटोवरून भेटचित्र काढणं वेगळं आणि सिनेमाच्या प्रसिद्धीचा फोटो उतरवून प्रदर्शनात विक्रीला लावणं वेगळं. बहुतेक प्रदर्शनांच्या नियमांत कृती मूळ असावी असं कलम असतं. तुझ्या अर्जावरही असेल, नीट वाच. म्हणून त्या सहांतली नटनट्यांची चित्रं या वेळी बाजूला ठेव.

ऑर्डरी मात्र बंद करू नकोस. पोटासाठी काढलेली व्यक्तिचित्रं हलकी असतात असं कुणी म्हणालं तर त्याला अँग्र या फ्रेंच चित्रकाराविषयी सांग. १८१५ नंतर रोममध्ये त्याच्याकडे मोठी कामं येईनाशी झाली, तेव्हा शहर बघायला आलेल्या प्रवाशांची पेन्सिलने चित्रं काढून त्याने संसार चालवला. त्याला स्वतःला ते काम खालचं वाटायचं. आज तीच पेन्सिलची चित्रं जगभरातल्या संग्रहालयांनी जपली आहेत. चेहऱ्यावर बारीक, कोवळं शेडिंग आणि कपड्यांवर झपाझप मोकळ्या रेषा, हा त्याचा बेत होता. तो तुला ताबडतोब वापरता येईल. पण त्याची माणसं समोर बसायची. तूही एक करून बघ. इचलकरंजीतलीच ऑर्डर असेल तर माणसाला तासभर बसायला सांग, एरवीपेक्षा थोडे जास्त पैसे घे आणि खिडकीपाशी बसवून काढ. पहिल्यांदा साम्य कमी येईल. ते येऊ दे, घरच्यांपासूनच सुरुवात कर म्हणजे कुणी पैसे परत मागणार नाही.

बाबांच्या कामाच्या जागी पुन्हा जा. मालकांना आधी विचारून ठेव. छोटी वही ने, एकच टू-बी पेन्सिल ने, खोडरबर घरी ठेव. वहिफणीचं काम चित्रकाराच्या फार सोयीचं आहे: तीच हालचाल पुन्हा पुन्हा होते. बीमवरचा धागा घ्यायचा, वहीच्या तारेतल्या डोळ्यातून ओढायचा, फणीच्या दातांतून काढायचा, पुन्हा पुढचा धागा. हात हलला म्हणून थांबू नकोस. एका पानावर चार-पाच अवस्था एकदम सुरू कर आणि हात ज्या अवस्थेत परत येईल त्या चित्रात दोन रेषा वाढव. अर्ध्या तासात पानभर हात होतील, त्यातले दोन जिवंत असतील. चालू मागांच्या रांगेतून जावं लागत असेल तर ओढणी कमरेला घट्ट बांध आणि केस वर घे. चित्राच्या नादात माणसाचं भान सुटतं, म्हणून मुद्दाम सांगते. आईच्या कांड्यांच्या मशीनपाशीही बस. तिच्याबद्दल तू एका ओळीपलीकडे काही लिहिलं नाहीस. तिचं चित्र काढलं आहेस का कधी?

घरी आल्यावर आणखी एक. इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर दिलास ना? त्या परीक्षेचा खरा उपयोग आता आहे. झोपण्याआधी, दिवसभरात पाहिलेली एक बैठक, एक पाठमोरा माणूस, एक पोत्यांची थप्पी वही न बघता आठवून काढ. जे आठवत नाही ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघशील. नजर अशी घडते. आणि हो, 'गुरू नाही' असं लिहितेस, पण त्या परीक्षांना तुला कुणी बसवलं? शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनीच ना? महाराष्ट्रातल्या किती मुलांच्या हातात पहिल्यांदा नीट पेन्सिल दिली ती या शिक्षकांनी, तासिका मिळोत न मिळोत, स्वतःच्या पदरचे कागद वाटून. त्यांना भेट, सातवं चित्र दाखव आणि तुझ्या दोनशे शब्दांत त्यांना एक वाक्य दे.

रंगांचं उत्तर थोडक्यात. वाटेल तेव्हा भर, वाटलं नाही तर भरू नकोस. नसरीन मोहमदी यांनी आयुष्यातली महत्त्वाची वर्षं कागदावर पेन्सिलीच्या आणि शाईच्या रेषा काढण्यात घालवली. त्या मुंबईत वाढल्या, बडोद्याला शिकवत होत्या, १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. हालचालींवर परिणाम करणारा आजार होता तरी रेषा शेवटपर्यंत काटेकोर राहिली. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'मेट ब्रॉयर' ही नवी शाखा उघडली तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत त्यांचं प्रदर्शन होतं. पेन्सिल ही रंगांच्या आधीची पायरी आहे हा समज शाळेतल्या वेळापत्रकातून आला असावा. ती स्वतंत्र माध्यम आहे आणि तिच्यात आयुष्य काढता येतं.

पेन्सिलीचाच विषय निघालाय तर तुझ्या चित्रांतल्या एका दोषाकडे बोट दाखवते. गडद भाग चमकतात. काळा केस आरशासारखा उजेड फेकतो आणि बाजूने पाहिलं की चित्र मधेच पांढुरकं होतं. तू मऊ पेन्सिल फार दाबतेस. आजची पेन्सिल ग्रॅफाइटची पूड आणि माती मिसळून, भट्टीत भाजून करतात. ही युक्ती निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ साली नोंदवली. माती जास्त तर पेन्सिल कडक, ती एच. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी, ती बी. दाबून काळं केलं की कागदाचा खरखरीतपणा चेपतो, ग्रॅफाइट सपाट बसतं आणि चमकतं. म्हणून आधी एच किंवा एचबीचा हलका थर, त्यावर टू-बी, त्यावर फोर-बी, प्रत्येक वेळी हात हलका आणि रेघांची दिशा बदलून. अगदी काळं हवं तिथे कोळशाची पेन्सिल घे, ती चमकत नाही. तू वापरतेस तो आयव्हरी पेपर गुळगुळीत आहे. चेहऱ्याला बरा, पण हात, सूत, लोखंड यांना थोडा दाणेदार कार्ट्रिज पेपर घेऊन बघ. बोटाने पुसून शेडिंग करणं सोड, बोटाचं तेल कागदावर राहतं आणि पुढे डाग दिसतात.

नोकरी सोडू नकोस. भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते, चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही कित्येक वर्षं अर्धा वेळ हिशेबाचं काम करत राहिले. पगारामुळे त्यांना जे हवं ते काढता आलं. तुझ्या बाबतीत तर नोकरी सुटली की महिन्याचा सगळा खर्च ऑर्डरींवर येईल, मग तू फक्त हसरे चेहरे काढशील आणि बाबांच्या हातांना वेळच उरणार नाही. त्यापेक्षा महिन्याला किती ऑर्डरी घ्यायच्या ते ठरव, निम्मे पैसे आगाऊ घे आणि आठवड्याचा एक दिवस फक्त स्वतःच्या चित्रांचा ठेव. एका चित्राला किती तास लागतात ते मांडून दीड हजार पुरतात का, हे मात्र तू माझ्यापेक्षा चांगलं काढशील, हिशेब तुझाच प्रांत आहे.

आता ते दोनशे शब्द. मी लिहून देणार नाही, पण तुझ्याच पत्रातून उचलून सुरुवात करून दाखवते:

'मी इचलकरंजीची. बाबा वहिफणीचं काम करतात, आई कांड्या भरते, मी सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या, पुढे चित्रकला शिकणं परवडलं नाही. लॉकडाऊनमध्ये फोटो पाहून चेहरे काढायला शिकले. एके दिवशी बाबांना डबा द्यायला गेले असताना बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांचे हात काढले. तेव्हापासून...'

'तेव्हापासून' च्या पुढचं तुझं तू लिही, आणि लिहिण्याआधी चार-सहा वेळा तिथे जाऊन काढून ये, म्हणजे ते वाक्य खरं असेल. 'लहानपणापासूनच कलेची ओढ', 'निसर्ग हाच माझा गुरू', 'कला हा माझा श्वास' असली वाक्यं टाळ. निवड समितीने ती प्रत्येक अर्जात वाचलेली असतात. डबा आणि बिलाचा कागद त्यांनी वाचलेला नसेल.

चित्रं कुठली पाठवायची? चष्मेवाल्या आजोबांचं एक, घरच्यांची परवानगी घेऊन. दुसरं, या महिन्यात आईला समोर बसवून काढशील ते. तिसरं सातवं. ते चांगल्या कागदावर पुन्हा काढायला जाऊ नकोस, सुबक होईल आणि मरेल. आहे तोच कागद पाठव. बिलाचा कागद पिवळा पडत जातो, तेव्हा त्याला जास्त उजेडात ठेवू नकोस, फिक्सेटिव्हचा (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारतात त्या द्रवाचा) एक पातळ फवारा आधी दुसऱ्या तसल्याच कागदावर मारून बघ आणि मग चित्रावर मार. व्हॅन गॉग पेन्सिलचित्रांवर पाणी घातलेलं दूध शिंपडायचा, तुला ते करायची गरज नाही. फ्रेम करताना भोवती जाड पुठ्ठ्याचा माउंट लावायला सांग, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. चित्र लहान आहे म्हणून माउंट रुंद ठेव. खाली लिही: 'वहिफणी', कागदावर पेन्सिल, आणि साल.

पाठवण्याआधी कागद उलटून बघ. मागे कुणाच्या तरी बिलावर नाव आणि आकडे असतील. ते फ्रेममध्ये झाकले जातीलच, पण ज्यांचं बिल आहे त्यांना आणि बाबांना दोघांनाही आधी विचार. अर्जाची मुदत तू कळवलेली नाहीस. आईचं चित्र त्याआधी व्हायला हवं, तेव्हा या रविवारीच तिला खिडकीपाशी बसव.

तुझी,
ताई